कर्ज काढून सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊ का?

पत्राचा सारांश: सोलापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचं हे पत्र. उजनीचं पाणी गावापासून जवळ, नान्नजचं माळरानही एका दिवसात जाऊन येण्यासारखं. मागच्या वर्षी त्यांनी कॅनन १५००डी कॅमेरा घेतला. पण सोबत आलेल्या १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्समध्ये (हा आकडा फोकल लेंथचा: जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं) पक्षी म्हणजे नुसता ठिपका येतो. शाळेच्या व्हरांड्यात परिसरातल्या पक्ष्यांच्या फोटोंची एक भिंत करायची त्यांची इच्छा आहे. त्यासाठी १५ हजार बाजूला काढलेत. दुकानदार म्हणतो, "७५-३०० घ्या, बजेटमध्ये बसते आणि ५५-२५०च्या २५०पेक्षा ३०० जास्तच की." पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपमधले एक अनुभवी दादा म्हणतात, "६००च्या खाली काही घेऊच नका, पैसे पाण्यात जातील. हप्त्यांवर १५०-६०० घ्या, एकदाच काय ते चांगलं घ्यायचं." घरून विरोध नाही, पण स्वतःवर एवढा खर्च करताना त्यांचंच मन खातं. त्या विचारतात: कर्ज काढू, ७५-३०० घेऊ, की हा नादच सोडून देऊ?

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या पत्रातला शेवटचा पर्याय आधी निकालात काढू. नाद सोडायचा नाही. वर्गातल्या मुलांना गावच्या पाणवठ्यावरचा पक्षी नावानिशी ओळखता यावा म्हणून बाई पहाटे उठून कॅमेरा घेऊन निघतात, यात मन खाण्यासारखं काय आहे? पंधरा हजार तुम्ही साठवलेत, ते खर्च करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझी हरकत आहे ती फक्त हप्त्यांना.

आता तुमच्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: लेन्सवरचा आकडा मोठा तितका फोटो चांगला, पक्ष्याचा फोटो म्हणजे चौकट भरून पक्षी, आणि लेन्स एकदाच घ्यायची असते. तिन्ही गोष्टी तुम्हाला कुणीतरी ठामपणे सांगितल्या आहेत, आणि ठामपणे सांगितलेलं पटकन पटतं. पण तुमच्या कामाला त्या लावून पाहू.

काम काय, तर व्हरांड्यातली भिंत. तिथे ए-फोर आकाराचे प्रिंट लागतील असं धरते. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. ए-फोरचा उत्तम प्रिंट ३००० बाय २००० पिक्सेलमध्येही निघतो. म्हणजे फोटोची अर्धी रुंदी आणि अर्धी उंची कापून टाकली तरी तुमचं काम अडत नाही. हे लक्षात ठेवून पुढचा हिशेब बघा. बुलबुल साधारण २० सेंटिमीटरचा. तो १० मीटरवर बसलाय आणि तुमच्याकडे २५० मिलिमीटरची लेन्स आहे. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, त्याची प्रतिमा ५ मिलिमीटरची पडते. सेन्सर २२ मिलिमीटरहून थोडा रुंद, म्हणजे मूळ फोटोत बुलबुल रुंदीचा पाव भागही भरत नाही. पण ए-फोरपुरता क्रॉप केलात की तोच बुलबुल जवळजवळ अर्धी रुंदी व्यापतो. शेपटीखालचा लाल डाग मुलांना लांबूनही दिसेल.

३००ची लेन्स लावली तर तीच प्रतिमा ६ मिलिमीटरची होते. हा एक मिलिमीटर मिळवायला दुसरा मार्गही आहे: १० मीटरवरून साडेआठ मीटरच्या आत या. दोन-तीन पावलं पुढे. दुकानदाराच्या ३००चा सगळा फायदा इतकाच, आणि त्याच्या बदल्यात ती लेन्स काय काढून घेते ते त्याने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

७५-३००ची ही तिसरी आवृत्ती १९९९ची आहे. तिच्यात आयएस नाही, म्हणजे हाताची थरथर सावरून धरणारी सोय नाही. १५००डीच्या बॉडीतही तशी सोय नसते. कॅननच्या या कॅमेऱ्यांत ती लेन्समध्ये असेल तरच मिळते. तुमच्या सेन्सरवर ३०० मिलिमीटर म्हणजे फुलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या, ४८०सारखा दृश्यकोन. हातात धरून फोटो न हलता यायचा तर शटर स्पीड निदान १/५०० सेकंद हवा. सकाळी साडेसहाला, ढगाळ दिवशी किंवा बाभळीच्या आत बसलेल्या पक्ष्याला तेवढा स्पीड मिळत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, चढवत बसावं लागतं आणि तरी फोटो हलतोच. त्यातून ही लेन्स ३००ला मऊ पडते, म्हणजे फोटो धारदार येत नाही, आणि पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ दिसते. म्हणजे ज्या ३००साठी ती घ्यायची, तिथेच ती सगळ्यात कमकुवत. स्वस्त आहे हे खरं. पण मी ती नवशिक्याला सुचवणार नाही, कारण फोटो खराब आले की नवशिक्या लेन्सला दोष देत नाही, स्वतःला देतो.

तुमच्यासाठी माझं उत्तर आहे कॅननची ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम. वजन ३७५ ग्रॅम, तुमच्या कॅमेऱ्यापेक्षाही हलकी. ८५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस होते, म्हणजे चतुर आणि फुलपाखरांचंही काम भागतं. आयएस साडेतीन स्टॉपची असल्याचा कॅननचा दावा आहे (एक स्टॉप म्हणजे शटर स्पीड निम्म्यावर आणता येणं). त्यातला एक स्टॉप सोडून दिला, तरी जिथे १/४०० लागला असता तिथे स्थिर बसलेला पक्षी १/८०ला सहज मिळतो. आणखी एक फायदा फार कुणी सांगत नाही. शटर अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य थिजल्यासारखं शांत होतं. नवीन माणसाला पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस पॉइंट धरून ठेवणं हेच सर्वांत अवघड जातं, आणि तिथे याची मोठी मदत होते.

फक्त एक समजून घ्या. आयएस तुमचा हात सावरते, पक्ष्याला नाही. उडणारी घार गोठवायची तर १/१६०० लागणारच, मग लेन्स कुठलीही असो.

याच नावाच्या लेन्सच्या तीन आवृत्त्या बाजारात फिरतात: नुसती आयएस, आयएस टू आणि आयएस एसटीएम. जाहिरातीत तिघींना ५५-२५०च म्हणतात. समोरच्या काचेभोवतीच्या कड्यावर एसटीएम कोरलेलं आहे का, ते स्वतः वाचा. एसटीएमचा फोकस जास्त चपळ आणि आवाज न करणारा आहे, शिवाय फोकस होताना पुढची काच गोल फिरत नाही. आयएस टू १५००डीच्या दोन लेन्सच्या पेटीत येते, त्यामुळे सेकंडहँडमध्ये ती भरपूर दिसेल. ती टाकाऊ नाही. खूपच कमी किमतीत मिळाली तर घ्या. पण थोड्याच पैशांचा फरक असेल तर एसटीएमसाठी थांबा.

आता दादांचा मुद्दा. ते चुकीचं सांगत नाहीत, ते त्यांच्या छंदाचं सांगतात. चिखलाच्या पल्याड फिरणारे छोटे तुतवार किंवा नान्नजच्या माळावर दूर तरंगणारा भोवत्या यांना ६०० लागतेच. पण सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी साधारण १९३० ग्रॅमची. तुमचा कॅमेरा जेमतेम अर्ध्या किलोचा. सगळा भार पुढे झुकतो आणि दहा मिनिटांत खांदा बोलायला लागतो. मग मोनोपॉड (एकपायी स्टँड) आला, मोठी बॅग आली. १५००डी सेकंदाला तीन फोटो काढतो आणि त्याच्या नऊ फोकस पॉइंटांपैकी फक्त मधला एक क्रॉस पद्धतीचा, म्हणजे खात्रीचा. इतक्या मोठ्या लेन्सची सगळी ताकद त्यातून निघणार नाही. मग वर्षभरात कोणीतरी म्हणेल, आता कॅमेरा बदला. हप्ता एका लेन्सचा नसतो, त्या साखळीचा असतो.

शिवाय आपल्या भागातलं ऊन. ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीनंतर सकाळी नऊ-साडेनऊ वाजले की माळावरची आणि पाण्यावरची हवा तापून लहरायला लागते. शंभर मीटरवरचा पक्षी त्या लहरींतून टिपला की फोटो धुवट येतो, लेन्स दोन लाखांची असली तरी. लांबून काढलेले कित्येक फोटो याच कारणाने वाया जातात आणि लोक फोकस तपासत बसतात. यावर उपाय दोनच: लवकर जाणं आणि जवळ असणं.

"एकदाच चांगलं घ्यायचं" हे शिवणयंत्राला किंवा मिक्सरला ठीक आहे, कारण त्यांचं काम आपल्याला आधीपासून माहीत असतं. तुम्ही वर्षभराने काय टिपत असाल हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही. कदाचित पक्ष्यांपेक्षा फुलपाखरांत जीव रमेल. कदाचित माळावरचा काळवीट आणि त्यामागचं आभाळ हवंसं वाटेल, आणि मग २५०सुद्धा जास्त होईल. म्हणून सहा-आठ महिन्यांनी एक करा. तुम्हाला आवडलेले फोटो संगणकावर उघडा आणि प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ बघा. बहुतेक फोटो २५०लाच असतील, ते क्रॉप करकरून पिक्सेल उरत नसतील, आणि तुम्ही जवळ जाण्याचे सगळे मार्ग करून पाहिलेले असतील, तर मोठ्या लेन्सचा विचार करा. तोवर ५५-२५० विकायलाही त्रास होत नाही, कारण तुमच्यासारखे नवे लोक ती शोधतच असतात.

आणि ६००ची चव घ्यायचीच असेल तर भाड्याने घ्या. पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात; ओळखपत्र आणि अनामत लागते. दोन-तीन मैत्रिणींनी मिळून शनिवार-रविवारी आणली तर भाडं वाटून जातं. एका दिवसात तुम्हाला कळेल की ते वजन आणि तो आकडा आपला आहे की नाही.

५५-२५० सेकंडहँड घेतलीत, तर समोरासमोर बघूनच घ्या. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरपा मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. थोडी धूळ दिसेल, तिचं काही नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा फांद्या फुटल्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास लागते. कितीही स्वस्त असली तरी अशी लेन्स घेऊ नका, साफ करायचा खर्च लेन्सच्या किमतीला भिडतो. मग स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून बघा. झूमचं कडं ५५पासून २५०पर्यंत न अडकता फिरतं का? जवळची वस्तू, मग लांबची, असा फोकस पटकन बदलतो का? आयएसचं बटण चालू-बंद करून २५०ला व्ह्यूफाइंडरमध्ये फरक दिसतो का? शेवटी एखाद्या छापील मजकुराचा किंवा भिंतीच्या विटांचा फोटो २५०ला, एफ ५.६वर (लेन्सचं तोंड पूर्ण उघडून) काढा आणि पडद्यावर मोठा करून चारही कोपरे बघा. एकच कोपरा धुरकट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, कापडी बॅगेत महिनोन्‌महिने नको.

ऑनलाइन मागवणाऱ्यांची एक गफलत इथेच सांगते. कॅननच्या आरएफ नावाच्या लेन्स नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या, त्या १५००डीवर बसतच नाहीत. तुमच्या कॅमेऱ्याला ईएफ किंवा ईएफ-एस हवी. उलट मात्र चालतं: आज घेतलेली ५५-२५० उद्या आर मालिकेच्या कॅमेऱ्यावर ॲडॉप्टरने वापरता येईल. निकॉनवाल्यांसाठी याच तोडीची लेन्स म्हणजे एएफ-पी डीएक्स ७०-३००. तिचे दोन प्रकार दिसायला सारखेच असतात. नावात व्हीआर (निकॉनचं आयएस) आहे तोच घ्या, आणि कॅमेरा जुना असेल तर एएफ-पी त्यावर चालते का ते आधी बघा. टॅम्रॉनची स्वस्त ७०-३०० मॅक्रोसाठी छान, पण थरथर सावरणारी सोय तिच्यातही नाही.

राहिला प्रश्न जवळ जाण्याचा. याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. वेडा राघू बघा. शाळेजवळच्या तारेवर तो बसलेला असणारच. एकदम झेपावतो, हवेतच माशी पकडतो आणि वळसा घेऊन पुन्हा त्याच तारेवर, पुष्कळदा त्याच वीतभर जागेवर येऊन बसतो. मग चोचीतला किडा तारेवर आपटतो, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, आणि वर उडवून गिळतो. पुन्हा झेप. तुम्ही त्याच्या मागे धावलात तर तो पुढच्या खांबावर जाईल. पण ऊन पाठीशी घेऊन त्याच्या जागेजवळ शांत बसलात, तर थोड्या वेळात तो तुम्हाला विसरतो. रिकाम्या जागेवर फोकस धरून ठेवा, तो परत येईलच. खंड्याचंही तसंच, त्याची फांदी ठरलेली असते. चारचाकी असेल तर उतरू नका. गाडीला पक्षी घाबरत नाहीत, गाडीतून उतरणाऱ्या माणसाला घाबरतात. जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही टोकं शिवा आणि आत ज्वारी भरा. खिडकीच्या काचेवर, बांधावर, कुठेही ठेवून त्यावर लेन्स टेकवता येते.

कॅमेऱ्यावर टीव्ही मोड (शटर स्पीड आपण ठरवायचा), १/१०००, ऑटो आयएसओ, फक्त मधला फोकस पॉइंट आणि एआय सर्वो (हलत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवणारा), एवढ्यावर सुरुवात करा. पक्षी शांत बसला की स्पीड १/२५०पर्यंत उतरवा. आयएसओ १६०० किंवा ३२०० गेला तर घाबरू नका. प्रिंटमध्ये थोडे दाणे चालतात, हललेला फोटो चालत नाही.

जवळ जाण्याला एक मर्यादा मात्र आहे, आणि ती तुम्ही मुलांनाही सांगाल म्हणून मुद्दाम लिहिते. घरट्याजवळ जायचं नाही, फांद्या बाजूला करायच्या नाहीत, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. माणसाच्या वावराने आईबाप घरटं सोडून जातात, आणि उघडी पडलेली अंडी कावळ्याला दिसतात. उजनीच्या काठी कुंभारगावच्या बाजूने नावेत बसाल तेव्हा नावाडी रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यात नाव घालून त्यांना उडवायला तयार होईल, कारण पर्यटक तेच मागतात. त्याला आधीच सांगा की लांब थांबायचं. रोहित उभा राहिला की सव्वा मीटरच्या पुढे भरतो. ४० मीटरवरूनही २५०मध्ये तो चौकटीची अर्धी उंची व्यापतो. त्याला उडवायची काहीच गरज नाही.

लेन्स घेण्यासाठी थंडीची वाट बघू नका. पाहुणे पक्षी नोव्हेंबरपासून स्थिरावतात. त्याआधी दोन-तीन महिने हातात मिळाले तर शाळेच्या आवारातल्या दयाळवर, साळुंकीवर, सातभाईंच्या टोळीवर हात बसवता येईल. आणि भाड्याची ६०० आणायचीच असेल तर ती जानेवारीत आणा, हात बसल्यानंतर. त्या दोन दिवसांत ५५-२५० घरी ठेवू नका. दोन्हींनी एकाच पक्ष्याचे, एकाच जागेवरून फोटो काढा, ए-फोरवर छापून शेजारी शेजारी लावा आणि मुलांना विचारा त्यांना कोणता आवडला.